नडगीचं माप

रॉस्को पेल्टननं झाडावर चढायचे काटे आणून टाकले माझ्या बाकावर,
संध्याकाळचे पाच, दुकान बंद करायची वेळ.
दोन लोखंडी दांड्या, तळाशी अंगठ्याएवढं टोक,
पट्टे घामानं काळे,
आणि गुडघ्याखाली जिथं दांडी टेकते तिथं
चपटी, दगड झालेली गादी,
कुणाच्या तरी जुन्या, कुणाच्या तरी दुसऱ्या पायाची.

"बघ जरा," म्हणाला. पँट वर केली.
नडगीवर दोन निळे-पिवळे डाग,
मध्ये हाडाची धार, तिच्यावर कातडं कागदाएवढं.
एकतीस वर्षं हा माणूस उभा राहिलाय
या दोन इंचांवर,
दीडशे फूट वर, हातात करवत घेऊन,
आणि खाली येऊन म्हणतो, झाड बरं होतं.

मी खोगीरं शिवते. शिवत होते, म्हणायला हवं.
हॉक्वियममध्ये घोडे उरलेत अकरा,
त्यातला एक आंधळा.
खोगीरभरती म्हणून लोक ज्याला हसतात
त्यावरच माझं पोट:
कुठं किती लोकर दाबायची, कुठं पोकळी सोडायची,
भार कण्यावर पडू द्यायचा नाही,
बाजूच्या मांसावर पसरायचा.
घोडा बोलत नाही, पण कान मागे घेतो.
रॉस्को कान मागे घेत नाही.
रॉस्को म्हणतो, "चालतंय."
या एका शब्दानं किती पाय गेलेत या गावातले.

स्टुलावर बसवलं. पुठ्ठा धरला, पेन्सिल फिरवली.
डावी नडगी उजवीपेक्षा वाकडी.
"एकोणनव्वद साली. फांदी."
एवढंच सांगितलं त्यानं.
मग मी दोन मापं घेतली. कारखाना एकच घेतो.

नमदा तीन थरांचा, आतला मऊ,
मधला दाबला तरी हट्टानं वर येणारा,
बाहेरून बैलाचं कातडं, कोमट पाण्यात भिजवून
त्याच्याच पायाला गुंडाळलेलं, आकार धरेपर्यंत.
तेवढा वेळ तो हलला नाही,
भिंतीवरच्या रिकिबी मोजत बसला.
हाडासमोर मी पन्हळ ठेवली, बोटभर, रिकामी.
तीच खरी गादी.
बाकीचं सगळं तिला धरून ठेवायला.

दाभण, मेण लावलेला दोरा, इंचाला सात टाके.
शिवता शिवता विचारलं, उद्या कुठलं झाड?
"शाळेमागचा फर. आतून पोकळ झालाय."
जगणार असलेल्या झाडावर तो काटे नेत नाही,
तिथं दोर टाकून चढतो,
आजाऱ्याच्या खोलीत मोज्यांनी शिरावं तसा.
काटे फक्त जाणाऱ्यांसाठी.
म्हणजे या टोकाला मी लोकर भरतेय
आणि त्या टोकाला पोलाद ज्याच्या अंगात जाईल
त्याचं माप कुणी घेतलेलं नाही.
बोलले नाही काही.
टाका मात्र एक चुकला. उसवला, परत घातला.

नऊ दिवसांनी आला. चाळीस डॉलर आणि एक सामन मासा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"डावी बक्कल करकरते," म्हणाला.
आणि उजवी?
जरा विचार करावा लागला त्याला.
"उजवा पाय आहे हेच विसरलो होतो."
एवढी मोठी पावती मला कुणी दिली नाही,
त्या आंधळ्या घोड्यानंसुद्धा.

दारात त्याची भाची उभी, मारिट, एकोणीस वर्षांची,
खांद्यावर तिचे स्वतःचे काटे, कोरे,
कारखान्याची गादी अजून प्लास्टिकचा वास सोडणारी.
वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत होती.
दुखतंय का गं?
"छे," म्हणाली. "चालतंय."

मी स्टूल पुढं ओढलं.